मेंदू-उद्दीपन आणि बीसीआय संशोधनात न्यूरोसर्जनची कारकीर्द कशी घडते?

एमसीएच न्यूरोसर्जरीच्या शेवटच्या वर्षात असलेल्या एका तरुण डॉक्टरांनी विचारले आहे की, मेंदूच्या विद्युत-उद्दीपनावर आणि मेंदू-संगणक जोडणीवर, म्हणजे ज्याला आपण सगळे बीसीआय म्हणतो त्यावर, संशोधन करणारी अध्यापकीय कारकीर्द करायची असेल तर पीएचडी करावीच लागते का, प्रशिक्षणासाठी संस्था कशी निवडावी, आणि हे क्षेत्र आता अभियंत्यांच्या व मोठ्या कंपन्यांच्या हाती जात असताना सर्जनकडे कवटीला छिद्र पाडून इलेक्ट्रोड बसवून देण्यापलीकडे काही काम उरते का.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्या दोहोंची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. सर्जनकडे पुष्कळ काम उरते, मात्र ते त्याने स्वतःहून अंगावर घ्यावे लागते. इलेक्ट्रोड ठरलेल्या जागी अचूक बसवण्याचे कौशल्य आज अनेकांकडे आहे आणि चांगल्या फेलोशिपमध्ये ते कुणालाही शिकता येते. शस्त्रक्रिया चालू असताना मोजमापे घेणारा, त्या मोजमापांतून स्वतःचा प्रश्न मांडणारा आणि शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची पुढची दहा-वीस वर्षे काटेकोर नोंद ठेवणारा सर्जन मात्र फार क्वचित भेटतो. या क्षेत्रातले मोठे शोध अशा माणसांच्या हातून लागले आहेत, आणि त्यांतली सर्वांत बोलकी कारकीर्द फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या आलिम-लुई बेनाबिद यांची आहे. उद्दीपनापासून बीसीआयपर्यंतचा सगळा प्रवास एकाच माणसाने केल्याचे असे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही, म्हणून तेच जरा विस्ताराने सांगतो.

बेनाबिद यांचा जन्म १९४२चा. त्यांनी १९७०मध्ये वैद्यकाची पदवी घेतली आणि न्यूरोसर्जन झाल्यानंतरही थांबून १९७८मध्ये भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्या काळात पार्किन्सनची शस्त्रक्रिया जवळपास विस्मृतीत गेली होती. १९६०च्या दशकाअखेर लेव्होडोपा हे औषध आले आणि मेंदूच्या खोल भागातल्या थॅलॅमस या केंद्राचा छोटासा भाग जाळून कंप थांबवणारी थॅलॅमोटॉमी मोजक्या केंद्रांपुरती उरली. पण लेव्होडोपा वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमध्ये औषधाचा असर मध्येच उतरणे आणि अंगाच्या अनैच्छिक हालचाली सुरू होणे हे त्रास दिसू लागले, आणि हट्टी कंपाला तर औषध पुरेसे पडत नव्हतेच. थॅलॅमोटॉमीचीही एक ठाम मर्यादा होती. एका बाजूला ती केली तर बहुधा निभते, पण दोन्ही बाजूंना केली की बोलणे अडखळते आणि तोल बिघडतो. दोन्ही हातांना कंप असलेल्या रुग्णाला म्हणूनच एकच हात बरा करून घरी पाठवावे लागे.

थॅलॅमोटॉमीत रुग्ण जागा असतो. जाळण्यापूर्वी सुईच्या टोकातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून आपण योग्य जागी आहोत ना, हे पाहण्याची रीत जुनीच होती. मुंग्या आल्या तर सुई मागे गेली आहे, स्नायू आखडले तर बाजूला सरकली आहे, असा तो पडताळा असे. १९८७मध्ये असा पडताळा घेताना बेनाबिद यांनी ठरावीक वारंवारितेवर न थांबता ती पायरीपायरीने वाढवत नेली. शंभर हर्ट्झच्या आसपास रुग्णाचा कंप थांबला, प्रवाह बंद करताच परत आला आणि पुन्हा सुरू करताच पुन्हा थांबला. मेंदूत काहीही न जाळता जाळल्यासारखा परिणाम मिळत होता आणि तो हवा तेव्हा मागे घेता येत होता.

खोल मेंदूत उद्दीपन करणारे ते पहिले नव्हते. तीव्र वेदनांसाठी थॅलॅमसमध्ये कायमचे इलेक्ट्रोड बसवण्याचे काम १९७०च्या दशकात फ्रान्स आणि अमेरिकेत झाले होते, लेनिनग्राडमध्ये नतालिया बेख्तेरेवा यांनी त्याहीआधी मेंदूत दीर्घकाळ इलेक्ट्रोड ठेवून उद्दीपन केले होते, आणि प्रवाहाने कंप बदलतो हे थॅलॅमोटॉमी करणाऱ्या बऱ्याच सर्जननी पाहिलेले होते. त्यांनी ते जागेचा पडताळा म्हणून पाहिले आणि पुढच्या कामाला लागले. बेनाबिद यांनी वारंवारितेचा संपूर्ण पट्टा तपासला; भौतिकशास्त्राच्या प्रशिक्षणातून अंगी येणारी सवय ती हीच. नंतर त्यांनी हा उपाय कुणावर आधी करावा, याचाही नीट विचार केला. एका बाजूची थॅलॅमोटॉमी आधीच झालेली आणि दुसऱ्या बाजूला जाळणे धोक्याचे असलेले रुग्ण त्यांनी निवडले. त्या वर्षीच्या त्यांच्या पहिल्या लेखाच्या शीर्षकातच थॅलॅमोटॉमी आणि उद्दीपन यांचा एकत्र उल्लेख आहे. ज्या रुग्णासमोर दुसरा चांगला पर्याय नाही आणि ज्याच्या बाबतीत नवा उपाय जुन्यापेक्षा कमी धोक्याचा आहे, तिथून सुरुवात करणे हाच कोणत्याही नव्या शस्त्रक्रियेचा प्रामाणिक मार्ग आहे, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. १९९१मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी पार्किन्सनच्या २६ आणि इसेन्शियल ट्रेमरच्या, म्हणजे पार्किन्सनहून वेगळ्या कंपाच्या आजाराच्या, ६ रुग्णांचे निकाल मांडले. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने कंपासाठी या उपचाराला १९९७मध्ये मान्यता दिली.

यापुढचा टप्पा तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. थॅलॅमसच्या उद्दीपनाने कंप थांबे, पण पार्किन्सनचा मंदपणा आणि ताठरपणा तसाच राही. सबथॅलॅमिक न्यूक्लियस हे थॅलॅमसखालचे छोटे केंद्र, म्हणजे आजचे प्रमुख लक्ष्य, त्या वेळी सर्जनच्या दृष्टीने निषिद्ध होते, कारण तिथे इजा झाल्यास हात-पाय जोराने फेकले जाणारा हेमिबॅलिझम होतो, हे आपण सगळे पाठ्यपुस्तकात शिकलेलो असतो. १९९०मध्ये अमेरिकेत हागाई बर्गमन, थॉमस विखमान आणि मॅहलॉन डीलाँग यांनी एमपीटीपी या विषारी रसायनाने पार्किन्सनसारखी अवस्था आलेल्या माकडांमध्ये याच केंद्राला मुद्दाम इजा केली, तेव्हा त्यांच्या हालचाली सुधारल्या. तो लेख शरीरक्रियाविज्ञानाचा होता, शल्यचिकित्सेचा नव्हता. ग्रनोबलच्या चमूने तो वाचला आणि जाळण्याची भीती असली तरी बंद करता येणारे उद्दीपन तिथे करून पाहता येईल, हे ओळखले. १९९३मध्ये त्यांनी तसे केले आणि १९९५मध्ये पहिल्या तीन रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या अहवालाच्या पहिल्या लेखिका पॅट्रिशिया लिमुझँ न्यूरॉलॉजिस्ट होत्या. बेनाबिद यांच्याबरोबर सुरुवातीपासून असलेले पिएर पोलाक हेही न्यूरॉलॉजिस्टच. वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार २०१४मध्ये बेनाबिद आणि डीलाँग यांना मिळून देण्यात आला, आणि मला ती वाटणी अगदी न्याय्य वाटते.

संस्था कशी निवडावी, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. वर्षाला किती डीबीएस, म्हणजे मेंदूच्या खोल भागातल्या उद्दीपनाच्या शस्त्रक्रिया, होतात, हा आकडा फेलोशिप शोधताना सगळे आधी विचारतात. मी त्याला दुसरे स्थान देईन. आधी हे पाहा की मूव्हमेंट डिसऑर्डर्सचा, म्हणजे हालचालींच्या आजारांचा, न्यूरॉलॉजिस्ट शस्त्रक्रियागृहात येऊन बसतो का, मायक्रोइलेक्ट्रोडमधून नोंदलेले संदेश नंतर कुणी विश्लेषणासाठी ठेवतो की केस संपली की पुसले जातात, आणि अभियंते किंवा भौतिकशास्त्रज्ञ चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहेत का. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत रुग्णालय आणि जैववैद्यकीय तंत्रज्ञानाचा विभाग एकाच छत्राखाली आहेत, आणि भारतीय हृदयझडप तिथेच तयार झाली. बंगळुरूत निम्हान्स ही मेंदू व मनोविकारांची राष्ट्रीय संस्था आणि भारतीय विज्ञान संस्था एकाच शहरात आहेत. मुंबईत डीबीएस करणारी रुग्णालये आहेत आणि पवईला आयआयटीत बायोइंजिनिअरिंगचा विभाग आहे, पण या दोन जगांना जोडण्याचे काम तुम्हालाच करावे लागेल, आणि त्यासाठी आठवड्यातला एक ठरलेला दिवस ओपीडी व शस्त्रक्रियांपासून राखून ठेवावा लागेल. तो दिवस विभागप्रमुखांकडून लेखी मागून घ्या. तोंडी मिळालेला दिवस पहिल्याच महिन्यात इमर्जन्सीच्या यादीत विरून जातो.

दीर्घकाळच्या नोंदींबद्दल मला विशेष आग्रहाने लिहायचे आहे, कारण आपल्याकडे तरुण सर्जन इथेच मागे पडतात. ग्रनोबलच्या चमूने २००३मध्ये सलग ४९ रुग्णांचा पाच वर्षांचा पाठपुरावा ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये मांडला. औषध बंद असतानाची हालचालींची गुणसंख्या पाच वर्षांनंतरही शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा ५४ टक्क्यांनी सुधारलेली होती. त्याच लेखात त्यांनी हेही स्पष्ट लिहिले की औषध चालू असतानाही बोलणे, तोल आणि चालताना पाय जागीच गोठणे या गोष्टी काळाबरोबर बिघडत गेल्या. आज आपण रुग्णाच्या नातेवाइकांना “कंप, ताठरपणा आणि औषधाचा चढउतार सुधारेल, बोलणे आणि तोल यांची खात्री नाही” असे जे सांगतो, त्याचा मोठा आधार अशा नोंदी आहेत. एका वर्षाचे चांगले निकाल अनेकांनी छापले, पण पाच वर्षांचे अप्रिय निकालही त्याच तपशिलाने छापण्यासाठी वेगळी शिस्त लागते.

ही शिस्त प्रत्यक्षात कष्टाची आहे. नीट मूल्यमापन करायचे तर रुग्ण औषधाविना व औषधासह, आणि उद्दीपन बंद व चालू, अशा चार अवस्थांत तपासावा लागतो. त्यासाठी आदल्या रात्रीपासून औषध थांबवावे लागते आणि तपासणीला जवळजवळ अर्धा दिवस जातो. नांदेडहून किंवा सिंधुदुर्गातून रात्रीच्या गाडीने येणाऱ्या रुग्णाला “गोळ्या न घेता या” असे सांगणे क्रूरपणाचे आहे, कारण लेव्होडोपाविना जखडलेल्या माणसाला गाडीच्या डब्यात कूसही बदलता येत नाही. त्याला आदल्या दिवशी दाखल करून घ्या, वॉर्डात औषध थांबवा, सकाळी तपासा आणि चित्रीकरण जपून ठेवा. या दाखल होण्याचा खर्च संशोधन प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात सुरुवातीलाच घाला. प्रकल्पांच्या समित्यांवर बसल्यावर मी यंत्रांसाठी लाखो रुपये मागणारे अर्ज पुष्कळ पाहिले, पण रुग्णाच्या प्रवासाची आणि खाटेची तरतूद असलेले फारच थोडे.

आता बीसीआयकडे येतो. ज्या वयात लोक निवृत्तीचा विचार करतात त्या वयात बेनाबिद ग्रनोबलच्याच क्लिनाटेक या संशोधन केंद्रात या कामाकडे वळले. २०१९मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त त्यांच्या चमूने मानेच्या मणक्याला इजा होऊन चारही हातपाय लुळे पडलेल्या २८ वर्षांच्या एका तरुणाचे दोन वर्षांचे निष्कर्ष मांडले. मेंदूच्या दोन्ही बाजूंना, ड्यूराच्या, म्हणजे मेंदूवरच्या जाड आवरणाच्या, वर, प्रत्येकी ६४ इलेक्ट्रोड असलेली दोन बिनतारी यंत्रे बसवली होती आणि त्यांच्या संदेशांवरून तो आधाराला टांगलेला बाह्यसांगाडा, म्हणजे अंगावर चढवलेला यांत्रिक सांगाडा, हलवत होता. या अभ्यासात आधी आणखी एका व्यक्तीवर शस्त्रक्रिया झाली होती; तिच्यातल्या यंत्रांचा संपर्क तुटला, ती काढावी लागली आणि तिला अभ्यासातून वगळावे लागले. चमूने हेही लेखात नोंदवले. पुढे येणाऱ्या प्रत्येक केंद्राला अशी नोंद मौल्यवान असते.

ड्यूराच्या वर इलेक्ट्रोड ठेवणे हा सर्जनचा निर्णय होता. मेंदूत रुतणाऱ्या सुयांच्या जाळीतून एकेका पेशीचे संदेश मिळतात आणि ते अधिक सूक्ष्म असतात. ड्यूराच्या वरून हजारो पेशींचा मिळून आवाज मिळतो, पण मेंदूला इजा होत नाही आणि संदेश महिनोन्महिने स्थिर राहतो. २०२३मध्ये लोझानच्या न्यूरोसर्जन जोसलिन ब्लॉक आणि मेंदूविज्ञानाचे संशोधक ग्रेगोआर कुर्तीन यांच्या चमूने ‘नेचर’मध्ये मेंदू आणि पाठीच्या कण्याची जोडणी मांडली, तेव्हा मेंदूवर क्लिनाटेकचीच यंत्रे होती, आणि कण्यावर उद्दीपनाचे इलेक्ट्रोड. उद्दीपन आणि बीसीआय ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत असे समजून त्यांतले एक निवडायला बसू नका, कारण त्या शस्त्रक्रियेत दोन्ही एकाच रुग्णाच्या शरीरात एकत्र आली आहेत.

बोलण्याच्या जोडणीत मात्र मेंदूत रुतणाऱ्या सुयांनी मोठी मजल मारली आहे, हेही मान्य केले पाहिजे. स्टॅनफर्डचे न्यूरोसर्जन जेमी हेंडरसन आणि विद्युत अभियंते कृष्ण शेणॉय यांच्या प्रयोगशाळेने २०२१मध्ये मनात हस्ताक्षर गिरवण्याच्या कल्पनेवरून मिनिटाला ९० अक्षरे उमटवली आणि २०२३मध्ये बोलण्याच्या प्रयत्नावरून मिनिटाला ६२ शब्द. शेणॉय त्याच वर्षी वारले. २०२४मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाच्या डेव्हिड ब्रँडमन यांच्या चमूने एएलएसच्या, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या मज्जाविकाराच्या, रुग्णात सव्वा लाख शब्दांच्या संग्रहावर सुमारे ९७ टक्के अचूकता गाठली. तेही न्यूरोसर्जनच आहेत.

या यादीत एक नाव मी मुद्दाम वेगळे ठेवले, कारण आपल्याला अनुसरता येईल असा मार्ग त्यांचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे एडवर्ड चँग अपस्माराच्या शस्त्रक्रिया करतात. झटक्यांचे मूळ शोधण्यासाठी रुग्णाच्या मेंदूवर काही दिवस इलेक्ट्रोडची जाळी ठेवावीच लागते. त्या दिवसांत, रुग्णाच्या संमतीने, ओठ, जीभ आणि स्वरयंत्र हलवणारे भाग बोलताना कसे काम करतात याचा नकाशा त्यांनी २०१३मध्ये ‘नेचर’मध्ये मांडला. वाचा गेलेल्या माणसाला पन्नास शब्दांच्या संग्रहातून वाक्ये देणारी जोडणी त्यांनी २०२१मध्ये प्रसिद्ध केली. मधली आठ वर्षे मूलभूत शरीरक्रियाविज्ञानाची आहेत, आणि त्यांतला बराचसा कच्चा माल उपचारासाठीच कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियांमधून आला. अपस्माराची मोठी केंद्रे भारतात आहेत. मराठी बोलताना मेंदूच्या त्या भागात ळ आणि ल यांचे नकाशे कसे वेगळे होतात, हा प्रश्न विचारण्यासाठी आपल्याला परदेशी जावे लागणार नाही.

दुसरी अशीच जागा डीबीएसच्या नव्या यंत्रांत आहे. आता बाजारात असलेली काही यंत्रे उद्दीपन करता करता त्याच लीडमधून, म्हणजे इलेक्ट्रोडच्या तारेतून, मेंदूचे संदेश नोंदवतात. पार्किन्सनमध्ये १३ ते ३० हर्ट्झची बीटा लय औषधाविना वाढते आणि औषधाने उतरते. तिच्यानुसार उद्दीपन आपोआप कमी-जास्त करणाऱ्या पद्धतीला अमेरिकेत फेब्रुवारी २०२५मध्ये मान्यता मिळाली. उपचारासाठी बसवलेल्या यंत्रातून महिनोन्महिने घरच्या वातावरणात मिळणाऱ्या या नोंदी अभ्यासायला जास्तीची एकही चीर लागत नाही. सुरुवातीच्या सहायक प्राध्यापकाला यापेक्षा योग्य विषय मला सुचत नाही.

यावरून पीएचडीचे उत्तर देता येते. पदवी बंधनकारक नाही, पण तिच्यात मिळणारे प्रशिक्षण टाळून चालत नाही. संदेश कोणत्या वेगाने नोंदवला, कोणता फिल्टर लावला, हृदयाच्या ठोक्याची किंवा हालचालीची भेसळ कशी ओळखली आणि किती तुलना केल्यावर हा एक निष्कर्ष हाती आला, हे सर्जनला स्वतः तपासता आले पाहिजे. ते येत नसेल तर अभियंता जे चित्र दाखवील त्यावर मान डोलावणे एवढेच उरते, आणि मग तुमच्या तिसऱ्या प्रश्नातली भीती खरी ठरते. एमसीएचनंतर लगेच दोन-तीन वर्षे पूर्णवेळ देता आली तर उत्तम. घरच्या जबाबदाऱ्यांमुळे ते जमत नसेल तर नोकरी करत अर्धवेळ पीएचडी घ्या, पण शस्त्रक्रियेचा हात बसण्याच्या पहिल्या दोन वर्षांत ती सुरू करू नका.

मानसिक आजारांतील उद्दीपनाकडे वळणाऱ्यांसाठी एक इशारा द्यायला हवा. नैराश्यासाठीचे सुरुवातीचे खुले अभ्यास फार आशादायक होते. पुढे अमेरिकेतल्या ९० रुग्णांच्या यादृच्छिक, आंधळ्या (कुणाला खरे उद्दीपन मिळते हे रुग्णाला ठाऊक नसलेल्या) चाचणीत सहा महिन्यांनी खरे आणि खोटे उद्दीपन यांत फरक दिसला नाही आणि ती चाचणी थांबवावी लागली. त्याच रुग्णांपैकी अनेक पुढच्या दोन वर्षांत सुधारले, त्यामुळे प्रश्न मिटलेला नाही. पण चाचणीचा कालावधी आणि रुग्णांची निवड किती निर्णायक असते हे त्यातून कळते. आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या ९६व्या कलमानुसार मानसिक आजारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करण्यापूर्वी रुग्णाची माहितीपूर्ण संमती आणि संबंधित मंडळाची परवानगी लागते. ओसीडीचा, म्हणजे मंत्रचळाच्या आजाराचा, पहिला रुग्ण स्वीकारण्याआधी त्या मंडळाशी प्रत्यक्ष बोलून घ्या.

शेवटचा मुद्दा रुग्णाच्या शरीरात राहणाऱ्या यंत्राचा. क्लस्टर डोकेदुखीसाठी उद्दीपक बनवणारी एक कंपनी २०१९मध्ये बंद पडली आणि ज्यांना त्याचा गुण आला होता त्यांना सुटे भाग व देखभाल मिळेनाशी झाली. डीबीएसची साधी बॅटरीही काही वर्षांत बदलावी लागते आणि तो खर्च भारतात बहुतेक कुटुंबांना खिशातून करावा लागतो. म्हणून प्रायोगिक यंत्राचा प्रस्ताव इथिक्स कमिटीकडे देताना चाचणी संपल्यावर बॅटरी कोण देणार, यंत्र काढायचे ठरल्यास त्या शस्त्रक्रियेचा खर्च कुणाचा, कंपनी बंद पडली तर प्रोग्रॅमिंगचे उपकरण आणि सॉफ्टवेअर कुणाकडे राहणार, आणि तुम्ही संस्था सोडलीत तर तो रुग्ण कोणत्या डॉक्टरच्या नावावर जाणार, हे प्रस्तावात नावानिशी लिहा आणि संमतिपत्रात मराठीत, रुग्णाच्या घरच्यांना वाचून कळेल असे लिहा. प्रायोजक या अटींवर सही करायला तयार नसेल तर ती चाचणी स्वीकारू नका, मग यंत्र कितीही नवे असो आणि लेख कितीही मोठ्या नियतकालिकात जाणारा असो.